यादीतलं पहिलं नाव

परवा सकाळी आमच्या चारीला पाणी सुटलं. मोठ्या पाटातून फुटून शिवाराकडं येणारी ही चारी पावसाळ्यापासून कोरडी पडली होती. पाणी दिसण्याआधी ऐकू आलं. ती पाण्याची खळखळ नव्हती. वाळलेली पानं, काटक्या, खताची रिकामी पिशवी, कुणाची तरी तुटकी चप्पल असं सगळं पुढं ढकलत येणारी सरसर होती. पाण्याच्या तोंडाशी मळकट फेस होता. भेगांमध्ये ते शिरलं की खालून बुडबुडे वर यायचे आणि चारीची माती चुरचुरायची. मी बांधावर बसले होते. मी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवणारी, फारसं न बोलणारी बाई; पण पाणी वळणावर दिसलं तेव्हा मी ताडकन उभी राहिले.

माझा थोरला भाऊ श्रावणात गेला. मी त्याला भाऊच म्हणायची, सगळं गावही भाऊच म्हणायचं. पाटाला पाणी सुटायचं, त्याच्याशिवायचं हे पहिलं आवर्तन. मला वाटलं होतं, पाणी पाहून रडू येईल. आलंही. पण त्याच्या आधी आनंद झाला, आणि त्या आनंदाचं मला आधी नवल वाटलं, मग ओळख पटली. असा आनंद मला आयुष्यात आणखी एकदा झालेला आहे, याच चारीमुळं, बारा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात.

त्याआधी आमच्या यादीचं सांगते. चारीला पाणी यायच्या आधी पाळी ठरते. कुणाला किती तास, कुणाच्या मागून कुणाला, याची यादी मारुतीच्या देवळाच्या भिंतीला लावतात. पन्नासेक नावं असतात. त्यातलं पहिलं नाव माणसाचं नाही. तिथं लिहिलेलं असतं: १. चारी. वेळ: एक तास.

कोरडी चारी आधी स्वतः पाणी पिते. ते पाणी कुणाच्याच शेतात जात नाही, म्हणून पूर्वी ते कुणाच्याच पाळीत धरत नसत. ज्याचा पहिला नंबर त्याला नुसता चिखल मिळायचा. तो मग मागच्याच्या वेळेतही आपल्या शेताकडचं दार उघडं ठेवायचा, मागचा त्याच्या मागच्याच्या. शेवटच्या शेताला पाणी पोचेपर्यंत आवर्तन संपलेलं असायचं. एका वर्षी फावडं उचललं गेलं आणि एकाच्या डोक्याला टाके पडले. यादीचं काम भाऊकडं आलं तेव्हा त्यानं पहिला तास चारीच्याच नावावर टाकला आणि तेवढी मिनिटं सगळ्यांच्या पाळीतून कापली. ज्याचं शेत मोठं त्याची जास्त, ज्याचं लहान त्याची कमी. त्या तासात कुणी दाराला हात लावायचा नाही. सगळ्यांनी बांधावर बसायचं, चहा प्यायचा, पाणी मुरताना बघायचं. "आधी तिची तहान, मग आपली," भाऊ म्हणायचा.

हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी मी नाशिकला कॉलेजात शिकत होते. त्या डिसेंबरात जपानमधल्या क्योटो शहरात हवामानाचा करार झाला, आणि आमच्या भूगोलाच्या सरांना त्याचं वेड लागलं. कुठूनतरी त्यांनी मसुद्याची झेरॉक्स मिळवली होती, झेरॉक्सची झेरॉक्स, इतकी फिकट की निम्मी अक्षरं आम्ही अंदाजानं लावायचो. फेब्रुवारीत आपण हीच परिषद कॉलेजच्या सभागृहात भरवू, सर म्हणाले. प्रत्येकानं एक देश व्हायचं. देशांच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच्या जेवणाच्या डब्यात घालून आणल्या होत्या, आणि चिठ्ठ्यांना लोणच्याचा वास येत होता.

विंचूरच्या सुधाकरला अमेरिका निघाली. त्यानं तिथंच कॉलर ताठ केली. इगतपुरीच्या शैलाला समुद्रात बुडू घातलेलं एक बेट निघालं. ती म्हणाली, "बरोबर माणसाकडं आलं. आम्ही दरवर्षी चार महिने हेच करतो." शेवटची चिठ्ठी माझी होती. उघडली तर आत देश नव्हता. सरांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: विमानांचा धूर.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी झेरॉक्सवर बोट ठेवून समजावलं. श्रीमंत देशांनी आपापला धूर मोजायचा आणि कमी करायचा असं ठरलं आहे. देशातल्या देशात उडणारं विमान त्या बेरजेत येतं. पण एका देशातून उडून दुसऱ्या देशात उतरणाऱ्या विमानाचा धूर कुणाच्याच बेरजेत नाही. तो वेगळा लिहायचा, खाली, रेघेच्या बाहेर. त्याचं काय करायचं ते विमानवाहतुकीच्या जागतिक संघटनेत बसून बघा म्हणून सोडून दिलं आहे. जहाजांचंही तसंच.

"मग मी कुठं बसायचं, सर?" मी विचारलं.

"तेच शोधायचं. परिषद संपेपर्यंत तुला त्यांनी यादीत घेतलं पाहिजे. नाही घेतलं तर तू बाहेर."

मला वाटलं, त्यांनी मुद्दाम केलं. तीन वर्षं मी त्या वर्गात होते आणि माझा आवाज निम्म्या लोकांना माहीत नव्हता. हजेरी घेताना सर माझ्या नावाशी थांबून वर बघायचे, मी आहे की नाही याची खात्री करायला. आपल्याला कुणीतरी यादीत धरावं, हे मागणं मला नवीन नव्हतं. ते चारचौघांत उभं राहून मागायचं, हे नवीन होतं.

शनिवारी लाल डब्यानं सायखेड्याला आले. आमचं शिवार गावाच्या पलीकडं. भाऊ द्राक्षांच्या मांडवाखाली घडांवरून हात फिरवत होता. पौष संपत आला होता, मण्यांत साखर उतरत होती, आणि कालच्या गंधकाच्या धुरळणीचा वास पानांना होता.

"कुंदे, कोणता देश भेटला?"

"देश नाही भेटला. धूर भेटला. विमानांचा."

भाऊ खाली बसून हसला. "बाई, एवढं शिकली आन् शेवटी धूर?"

वहिनी घड निवडता निवडता म्हणाली, "चुलीपुढं बसली असती तर घरीच भेटला असता. एस्टीचं भाडं वाचलं असतं."

पण दुसऱ्या दिवसापासून दोघंही वर बघायला लागले. आमच्या मांडवावरून हिवाळ्यात विमानांच्या रेघा दिसतात. आधी एक ठिपका, मग त्याच्या मागं पांढरी रेघ, आणि रेघ फुगून पसरून विरेपर्यंत आवाजही येऊन गेलेला असतो. इतकी वर्षं त्या रेघा आमच्यावरून जात होत्या आणि आम्ही फक्त मुलांना दाखवायला वर बघत होतो. आता भाऊ फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला असताना थांबायचा. "हे कोणाचं गं?"

मी मांडवाखाली खताच्या गोणीवर बसून शब्दकोश काढून झेरॉक्स वाचायची. सरांनी कात्रणं दिली होती. हा धूर कुणाच्या नावावर टाकायचा याच्या बऱ्याच वाटा लोकांनी सुचवल्या होत्या, आणि मी त्या एकेक करून भाऊला सांगायची.

"जिथं तेल भरलं, त्या देशाचा."

"मग तो म्हणील, शेजारी भरा. आपल्याकडं शेजाऱ्याच्या दारातून पाणी घेतात तसं."

"ज्या देशाची विमान कंपनी, त्याचा."

"कंपनी काय, उद्या दुसऱ्या गावात पाटी लावील."

"ज्याच्या डोक्यावरून जातं, त्याचा."

भाऊनं वर बघितलं, मग वहिनीकडं बघितलं. "घे. आपल्यालाच भेटला."

घरून कॉलेजला ये-जा करत दोन आठवडे असेच गेले. माझ्या वहीत प्रश्न वाढत होते आणि उत्तर एकही नव्हतं. मग आवर्तनाची तारीख आली. एका संध्याकाळी भाऊ ओसरीवर यादी लिहायला बसला. पाठकोऱ्या कागदावर पट्टीनं रेघा मारल्या, पेनाची निब झटकली, आणि पहिल्या ओळीत सावकाश लिहिलं: १. चारी.

मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन ते बघत होते. तो तुकडा मी खाली ठेवला. मला आठवतं, मी आधी उभी राहिले, मग बसले, मग परत उभी राहिले. धूर कुणाच्या नावावर टाकायचा, हा प्रश्नच चुकीचा होता. तो कुणाच्याही नावावर टाकायचा नाही. त्याचं स्वतःचं नाव यादीत सगळ्यांच्या आधी लिहायचं. जगाला जेवढा धूर परवडतो, त्यातून आधी आभाळातल्या वाटेचा वेगळा काढायचा, किती ते ठरवून, आणि मग उरलेल्याची वाटणी करायची; ज्याचं शेत मोठं त्याची मिनिटं जास्त कापायची. जगातले विद्वान ज्या जागी अडले होते ती जागा आमच्या देवळाच्या भिंतीवर लावलेली होती.

"भाऊ, तू हे पहिल्यांदा कुठं वाचलंस?"

"काय?"

"हे. चारीचं नाव."

"वाचायचं काय त्यात? डोकं फुटलं होतं माणसाचं."

मी त्या रात्री भाषण लिहिलं आणि सकाळी ते भराभर वाचून पाहिलं. मांडवाखालच्या ओळींमधून मी मोठ्यानं बोलत फिरले, घडांना सांगत, आणि माझा आवाज मला आवडला. असं आधी कधी झालं नव्हतं. वेलीच्या पानांतून उन्हाचे कवडसे पडलेले, पायाखाली ओल, दूर कुणाचं तरी ट्रॅक्टर. बावीस वर्षांची मी, आणि मला काहीतरी माहीत होतं जे क्योटोला माहीत नव्हतं.

त्या हंगामात भाऊची द्राक्षं पहिल्यांदा परदेशी जायची होती. कंटेनरमधून, जहाजानं. परिषदेच्या चार दिवस आधी तोडणी झाली. पहाटेच्या गारव्यात बायका डोक्याला टोप्या लावून घड छाटत होत्या, मणी न मणी तपासून पेट्या भरत होत्या. आणि दुपारी पॅकहाऊसवरून निरोप आला की कंटेनरचं गारव्याचं यंत्र बंद पडलं, जहाज चुकणार. घरात कुणी पाणी प्यायलं नाही. तोडलेला घड वेलीवर परत लागत नाही. संध्याकाळी दुसरा निरोप आला: निर्यातदार हा माल विमानानं पाठवतो आहे.

गाव जमलं. टेम्पोपुढं नारळ फुटला. भाऊ टोपी हातात घेऊन रस्त्यात उभा होता. "मी अजून लाल डब्यात लटकतो," तो म्हणाला, "आन् माझे घड विमानात बसले." मीही टाळ्या वाजवल्या. मग मला माझ्या भाषणातलं एक वाक्य आठवलं. विमानानं फळं मागवणारे आणि पाठवणारे जगाच्या वाटणीतलं पाणी चोरून पितात, असं मी लिहिलं होतं. फार आवडलं होतं ते मला.

दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "वाच की भाषण." आधीच खोडलेलं ते वाक्य मी गाळून वाचलं. भाऊ माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं कागदावर बोट ठेवलं. "हे का खोडलं?"

खोडलेलं त्यानं हळूहळू लावून वाचलं. मग त्यानं कागद परत माझ्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, दुखावला.

"चोरी नाय म्हणता येत, कुंदे," तो शेवटी म्हणाला. "यादीतच नाय, तर चोरी कसली? आधी यादीत घे. मग माझंबी मोज."

परिषदेच्या दिवशी सभागृहात पलंगपोसांचे पडदे आणि कागदी झेंडे होते. सुधाकरनं मामाचा कोट घातला होता. बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. माझ्यापुढं झेंडा नव्हता. सरांनी एक कोरा कागद काडीला लावून दिला होता. भाऊ न सांगता आला आणि शेवटच्या रांगेत पाय जुळवून बसला.

मी बोलले. सुरुवातीची दोन वाक्यं कुणाला ऐकू गेली नाहीत. "मोठ्यानं," मागून कुणीतरी म्हणालं. मग मी कागद खाली ठेवला आणि चारीचं सांगितलं. फुटलेलं डोकं सांगितलं, यादी सांगितली, बांधावरचा चहा सांगितला. शेतकऱ्यांचीच मुलं होती निम्मी, त्यांना समजावायला फार शब्द लागले नाहीत.

सुधाकर कोट सावरत उठला. "अमेरिकेला एक विचारायचंय. परवा सायखेड्याहून विमानानं जी द्राक्षं गेली, त्यांचा धूर बाईंनी मोजला का?"

हशा पिकला. विंचूर काही लांब नाही, बातमी पोचली होती. खाली ठेवलेला कागद मी पुन्हा उचलला. मला दिसलं, शेवटच्या रांगेत भाऊ उभा राहतो आहे.

सर म्हणाले, "आपण कोणत्या देशाचे?"

"सायखेड्याचा," भाऊ म्हणाला. पुन्हा हशा. तो ओसरेपर्यंत भाऊ थांबला. "गेली ती द्राक्षं माझीच. चांगली गेली. यादीत पहिलं नाव ह्या धुराचं टाका आन् मग माझी मिनिटं कापा. माझी एकट्याची नको. सगळ्यांची कापा, ज्याचं शेत मोठं त्याची जास्त." त्यानं सुधाकरच्या कोटाकडं बघितलं. "तुमचं लय मोठं हाय म्हणतात."

आता जो हशा झाला तो वेगळा होता. सरांनी हात वर करायला सांगितले. पहिला हात शैलाच्या बेटाचा. मग एकेक. मला ते हात अजून दिसतात, बांगड्यांचे, घड्याळांचे, शाई लागलेले. पण नियम असा होता की सगळ्यांचे वर गेले पाहिजेत, आणि सुधाकरचा खाली होता. चहाच्या सुट्टीत तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मला पटलंय गं. पण मी अमेरिका आहे. मला काय पटतं त्याला कोण विचारतं?" ठरावाच्या शेवटी सरांनी लिहिलं: विमानांच्या धुराबाबत पुढील बैठकीत विचार व्हावा.

मी हरले होते. पण परतीच्या लाल डब्यात मी एकसारखी बोलत होते, भाऊला एक शब्दही बोलू न देता, पार गावाच्या थांब्यापर्यंत. उतरताना तो म्हणाला, "चारीचं नाव लावायलाबी मला चार आवर्तनं लागली. मागायचं सोडू नको."

तेव्हापासून तो एक प्रश्न विचारायचा. जगात कुठं हवामानाची परिषद भरली, पेपरात आतल्या पानावर बातमी आली, की त्याचा फोन यायचा: "आलं का गं तुझं नाव?" क्योटोचा करार लागू झाला त्या वर्षी विचारलं. नाही आलं. युरोपनं आपल्यापुरता विमानांचा धूर मोजायचं ठरवलं तेव्हा मीच उत्साहानं कळवलं. तो म्हणाला, "एका वस्तीनं लावली पाळी. चांगलं हाय. पण चारी सगळ्या गावाची." मधे एकदा तो शेतकऱ्यांच्या सहलीला मुंबईहून विमानानं दिल्लीला गेला. उतरल्या उतरल्या फोन. "कुंदे, माझा धूर कोणाचा?"

"देशातल्या देशात आहे. भारताचा."

"मग काळजी नाय. घरचाच हाय."

या डिसेंबरात कोपनहेगनला जगातले सगळे पुढारी जमले. मी ग्रंथालयात आलेले सगळे पेपर रोज वाचले, बोटानं ओळी धरून. शेवटी जो दोन-तीन पानी मसुदा निघाला त्यात विमानांचं नाव नव्हतं. पेपरची घडी घातली आणि मी फोनकडं बघत बसले. फोन वाजला नाही. त्याच्या जाण्याचं मला श्रावणात कळलं होतं, पण पटलं ते त्या दुपारी.

त्यानंतर आठवड्याभरात वहिनीनं बोलावून घेतलं. देवळात यादीची बैठक होती. भाऊच्या जागी आता गावातला गणेश यादी बघणार, शिकलेला, कामाचा मुलगा. तो म्हणाला, "निम्म्या चारीला आता सिमेंट झालंय. भाऊ होते तोवर ठीक. पण एक तास पाणी कोणालाच नाय, हे आता परवडत नाय. पहिलं नाव काढून टाकू." माना हलल्या. वहिनीनं मला कोपर मारलं. "तू बोल. मला रडू येईल."

मी उभी राहिले. "निम्म्याला सिमेंट झालंय, तर तास निम्मा करा," मी म्हणाले. "ते बरोबर आहे. पण नाव काढू नका. एकदा बाहेर गेलेलं नाव परत आत यायला किती वर्षं लागतात, ते मला माहीत आहे. मी बारा वर्षं वाट बघते आहे."

कशाची ते फारसं कुणाला कळलं नसावं. पण कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, "भाऊचीच बहीण हाय. लिव्ह बाबा अर्धा तास." गणेश हसला आणि त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला. "आत्या, अक्षर तुमचं चांगलं हाय." मी पट्टीनं रेघा मारल्या. पहिल्या ओळीत लिहिलं: १. चारी. वेळ: अर्धा तास.

परवा सकाळचं पाणी ते हेच. आम्ही बांधावर बसलो होतो, पेले फिरत होते, पाणी भेगांतून उतरत होतं. गणेश दारापाशी उकिडवा बसून घड्याळ बघत होता. तेवढ्यात वर रेघ उमटली, पश्चिमेकडं, लांब, स्वच्छ. मी वर बघितलं. वहिनीनंही बघितलं. पेला पदरानं पुसता पुसता ती म्हणाली, "आलं का गं यंदा तुझं नाव?"

इतकी वर्षं ती चुलीपाशी बसून भाऊचे फोन ऐकत होती.

"नाही आलं," मी म्हणाले, आणि डोळे भरून आले म्हणून उठायला लागले. तिनं माझा हात धरून खाली ओढलं.

"बस. अजून चार मिनिटं हायेत तिची."